चालून बघितलेलं गाणं

आमचे शेठ गाणं कानानं पारखत नसत. पायानं पारखत.

नवी चाल बसली की हुकूम सुटायचा, "चला, चालून बघू." मग गिटार, हलगी, जे काय असेल ते शेठच्या दुकानातल्या कापडाच्या ठाणांवर ठेवायचं, चपला घालायच्या आणि आधी हैदराबादेतल्या जांबागला जायचं. तिथल्या फुलवाल्यांपासून सुरुवात. कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा असं करत नारायणगुड्यापर्यंत पायी, सगळ्यांनी मिळून तोंडानं ते गाणं म्हणत. पाय गाण्याच्या लयीत पडला पाहिजे. सुलतान बाजारच्या गर्दीत लय तुटली तर गाणं बाद. काचीगुड्याच्या चढाला धाप लागली तर गाणं बाद. नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलपर्यंत पोचलं तर पास, आणि चहा.

त्यात एक नियम होता. सगळे बरोबर पोचले पाहिजेत. कोणी ऐटीत पुढं निघून गेला तर शेठ म्हणत, "एकटा पोचला, त्याचं गाणं पोचलं नाही." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जांबाग.

त्या काळात शहरात उठसूट मोर्चे निघत. एकदा एका पोलिसानं आम्हाला अडवलं. "किस बात का जुलूस है?"

शेठ म्हणाले, "जुलूस नै साब, गाने की ट्रायल है."

पोलिसानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "फिर गाओ." आम्ही गायलो. तो काचीगुड्याच्या चौकापर्यंत बरोबर आला आणि जाताना म्हणाला, दुसरं कडवं लांबलंय. शेठनी ते कडवं त्याच दिवशी छाटलं.

माणूस असा होता. ऐकायचा तर पोलिसाचं ऐकायचा, माझं नाही.

सुलतान बाजारात त्यांचं वडिलोपार्जित कापडाचं दुकान. घराणं मूळचं शेतकऱ्याचं, निजामाच्या वेळेपासून व्यापारात आलेलं. गल्ल्यावर शेठ बसत, पांढरं धोतर, डोळ्यांवर काळा गॉगल, मांडीवर विजेची गिटार. गिऱ्हाईक आलं तरी गाणं मध्ये सोडत नसत. बायका जिन्याच्या पायरीवर बसून वाट बघायच्या. कडवं मनासारखं जमलं तर शेठ कापड मोजताना हातभर जास्त सोडत, बिघडलं तर बरोबर गजावर कापत. बाजारातल्या बायकांना हे माहीत झालं होतं. त्या आधी ऐकायच्या आणि मगच ब्लाऊजपीस मागायच्या.

गिटारीचा सूर ते लावत दुकानातल्या टेबल पंख्यावर. पंखा सुरू केला की त्याची जी घूं होते, तोच त्यांचा षड्ज. "हा हैदराबादचा सूर आहे," म्हणायचे. "सगळं शहर याच सुरात झोपतं." वीज गेली की तालीम बंद. पुढं म्हातारपणी आम्ही रेकॉर्ड करायला गेलो तेव्हा तिथं थंड हवेची मशीन, पंखा नाही. शेठनी रिक्षातून दुकानातला पंखा आणवला. स्टुडिओवाला डोक्याला हात लावून बसला. "साब, मैं इधर लाखों का काम पंखे की आवाज बंद करने कू करवाया, और आप पंखा लेको आए?" शेठ म्हणाले, "पाच मिनिटं लावा. सूर घेतो आणि बंद करतो." तशी त्या स्टुडिओच्या आयुष्यातली एकमेव पंख्याची घूं आमच्यामुळं घडली.

मी त्यांना कसा भेटलो ते सांगतो. बहिणीच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलो होतो. तेव्हा मी बस डेपोत मेकॅनिक. शाळा चौथीत संपलेली, पण इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचो. शेठ गात होते आणि माझी बोटं लाकडी फळीवर चालू झाली. त्यांनी गाणं थांबवलं. कधी थांबवत नसत, त्या दिवशी थांबवलं.

"ए, काय नाव तुझं?"

मी म्हटलं, "आधी अहो म्हणा."

शेठनी गॉगल काढला. "अहो, काय नाव तुमचं?"

"आता बरं. डेपोत मला मिस्त्री म्हणतात."

"अहो मिस्त्री, हा हात विकायचाय का?"

"विकायचा नाही."

"मग रविवारी घेऊन तरी या."

त्या दिवसापासून चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. शिव्या दिल्या त्याही तशाच. "अहो मिस्त्री, तुम्ही गाढव आहात." "अहो शेठ, तुम्ही माझ्याहून मोठे गाढव आहात, पहिला मान तुमचा." लोकांना गंमत वाटायची. आम्हाला तो करार होता.

हलगीचंही सांगायला पाहिजे. ज्या वर्षी जुनं हैदराबाद राज्य फुटलं आणि मराठवाडा मुंबईकडं गेला, त्याच वर्षी आमच्या घरानं बुद्धाची वाट धरली. नांदेडकडच्या गावात माझ्या बापाला हलगी वाजवायला बोलावणं यायचं. बोलावणं म्हणजे विचारणं नव्हे. यायचं म्हणजे यायचं, कोणाचं लग्न असो की मयत, वाजवायची म्हणजे वाजवायची, आणि सांगतील तशी. बापानं त्या वर्षी हलगीचं कातडं फाडून टाकलं आणि तिच्या कड्याला जाळी लावून आईला पिठाची चाळणी करून दिली. मी ज्या चाळणीच्या पिठावर वाढलो ती हलगी होती.

शेठच्या बँडात जायचं ठरल्यावर मी आईकडं ती चाळणी मागितली. आईनं जाळी स्वतःच्या हातानं उसवली. म्हणाली, "वाजव. पण बोलावलं म्हणून नाही. वाटलं म्हणून."

तेव्हा माझ्या हातानं किती जोरात वाजवायचं हे मला कोणी सांगितलेलं चालत नाही. हा माझा स्वभाव नाही, हा घरातला ठराव आहे.

बँड म्हणजे आम्ही चौघं. शेठ गिटारीवर. वहिनी, म्हणजे शेठची बायको, गळ्यावर; त्यांचा आवाज असा की माईक लाजायचा. मी हलगीवर. आणि जाड तारांच्या गिटारीवर वकीलसाब. ते वकील नव्हते, वकिलीच्या परीक्षेत नापास झाले होते, पण वाद असा घालायचे की पदवीची गरज उरली नाही. आम्ही गोंधळाच्या चालीवर विजेची गिटार चढवली, ओवीला हलगीचा ठेका दिला, दखनी आणि तेलुगू शब्द मराठीत फोडणीसारखे टाकले. गणपतीत वाजवलं, बुद्धजयंतीला वाजवलं, कॉलेजांत वाजवलं. पोरं त्याला फोक रॉक म्हणत. मी म्हणायचो, नाव काहीही ठेवा, माझा आवाज वाढवा.

आमचं सगळ्यांत चाललेलं गाणं शेठनी पंचविशीत लिहिलं होतं:

वाट सरली नाही गड्या, पाय थकले नाही,
पाटी बदलली दारावर, घर हललं नाही.

हे पाटीचं खूळ शेठच्या डोक्यात लहानपणापासून. ते आठ-नऊ वर्षांचे असताना राज्य फुटलं. त्यांची आत्या परभणीला. दिवाळीला आली आणि दारातच उभी राहिली. "मी आता परराज्यातली. आत या म्हणा, मग येते." वडील म्हणाले, "अगं, वेडी झालीस काय?" आत्या म्हणाली, "सरकारनं पाहुणी केलंय तर पाहुणचार करा." चार दिवस तिनं एका भांड्याला हात लावला नाही. शेठ ही गोष्ट सांगून पोट धरून हसत.

पुढं दुसऱ्यांदा राज्य फुटायची वेळ आली, तेलंगणा वेगळा होणार म्हणून शहर पेटलेलं, तेव्हा कोणीही भेटलं की विचारायचं, तुम्ही इकडचे की तिकडचे? शेठ म्हणत, "मी एकाच घरात राहून तिसऱ्या राज्यात चाललोय. सामान न बांधता. माझ्याइतका प्रवास कोणी केलाय?"

पण सामान बांधायची वेळ आलीच. बाजारातला रस्ता रुंद होणार होता, दुकानाचा दर्शनी भाग जाणार होता. पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा, पुरे झालं, चला." शेठची कंबर खुब्यातून गेलेली, हातात काठी. वहिनींची साखर वाढलेली. जायचं ठरलं.

शेठ म्हणाले, "त्याआधी एक रेकॉर्ड."

आमच्या जुन्या कॅसेटी होत्या, पण त्या जवानीच्या. एका खोलीत, एका माईकवर, कुकरच्या शिट्टीसकट. ही नीट करायची होती, म्हातारपणीची, मागं वळून बघणारी. शेवटची म्हणायचं नाही, अशी वहिनींची ताकीद.

बाकीची गाणी मजेत झाली. मग ते गाणं आलं. मी हलगी शेकून तयार. शेठ म्हणाले, "हळू."

"किती हळू?"

"मी आता चालतो तितकं."

"तुम्ही आता जे करता त्याला चालणं म्हणत नाहीत," मी म्हटलं. "त्याला उभं राहणं म्हणतात."

वहिनी हसल्या. शेठ हसले नाहीत. "मिस्त्री, ऐका. पंचवीस वर्षांचा पोरगा ओरडला, पाय थकले नाही, त्यात काय विशेष? थकायला चालला कुठं होता तो? हेच मी आता काठी टेकत सावकाश म्हटलं, तर ते खरं होतं. जोरात म्हटलं तर थाप."

"शब्द तुमचे, हात माझा. असं रडत वाजवलं तर लोक म्हणतील, मिस्त्रीचा हात गेला."

"कोण लोक?"

"सगळे."

"आपलं गाणं आता ऐकतंय कोण, मिस्त्री? चारच माणसं, त्यातली चारही इथं बसलीत."

मी हलगी पिशवीत घातली. म्हटलं, "माझ्या बापाला लोक सांगायचे कसं वाजवायचं ते. मला सांगायचं नाही." आणि निघालो.

मागं काय झालं ते वकीलसाबनी नंतर सांगितलं. स्टुडिओवाला म्हणाला, "साब, परेशान नक्को होओ, मशीन है. ढोल, ताशा, हलगी, सब है इसमें."

शेठनी विचारलं, "मशीन चलता क्या?"

"एकदम चलता साब!"

"जांबाग से नारायणगुडा?"

स्टुडिओवाला मशीनकडं बघायला लागला. शेठ म्हणाले, "मिस्त्री नाहीत तर रेकॉर्ड नाही. पंखा रिक्षात ठेवा."

आठवडाभर कोणी कोणाकडं गेलं नाही. पुण्याची तिकिटं निघालेली. मग वकीलसाब माझ्या दारात. आत आले, पाणी प्याले आणि सुरू झाले. "मियाँ, इधर एक पहाड, उधर एक पहाड. मैं बीच में क्या नाला हूँ? वो बुड्ढा मानता नै, ये बुड्ढा मानता नै. मरते भी नै दोनों, के मैं आराम से अकेला बजाऊँ."

"काय म्हणतात ते?"

"क्या बोलेंगे? चालून बघू, बोले."

हे मी नाकारू शकत नव्हतो. नियम नियम आहे. आणि खरं सांगायचं तर मी खूश झालो. पायाचा सामना असेल तर निकाल लागलेलाच होता.

दुपारी जांबागला जमलो. शेठ काठी घेऊन, धोतर, गॉगल. वहिनी छत्री घेऊन. वकीलसाब कपाळाला हात लावून. गाणं सुरू झालं आणि मी जुन्या चालीनं जो सुटलो, तो वळून बघितलं नाही. कोठी गेली, सुलतान बाजार गेला. पायात गाणं असं पळत होतं की वयच आठवेना. नारायणगुड्याच्या हॉटेलात जाऊन बसलो, चार चहा सांगितले आणि घाम पुसला. जिंकलो होतो.

चहा आले. चहा निवले. कोणी येईना. वेटर म्हणाला, "चचा, बाकी के लोगाँ?" मी म्हटलं, "आते." त्यानं चहा परत नेले, गरम करून आणले. तेही निवले. टेबलावर तीन भरलेले कप आणि मी. एकटा पोचला, त्याचं गाणं पोचलं नाही. हे वाक्य इतकी वर्षं मी दुसऱ्यांना लागलेलं बघितलं होतं.

आणि बाहेर आवाज वाढला. दुकानांतली माणसं भराभर टीव्हीपुढं गोळा झाली, मग रस्त्यावर आली. वेगळ्या तेलंगणाचं पक्कं झालं, अशी बातमी होती. फटाके, गुलाल, मोटारसायकली. त्या गर्दीत काठीवाला माणूस. मी कप तसेच टाकून उलटा पळालो.

काचीगुड्याच्या चौकात सापडले. चौक पोरांनी भरलेला. तेलुगू पोरं डप्पू बडवत होती. डप्पू म्हणजे आमच्या हलगीचीच सख्खी बहीण. पोरं बेभान नाचत होती, आणि त्यांच्या मधोमध शेठ. भुवयांपर्यंत गुलाल, गॉगल गुलाबी, धोतर गुलाबी. आणि चालत होते. आपल्याच चालीनं. काठी टेकवायची, पाय टाकायचा, काठी टेकवायची. तोंडानं सावकाश, लांबवून, "वाट सरली नाही गड्या..." वहिनींची छत्रीसुद्धा रंगलेली, त्या वरचा सूर धरून. वकीलसाब नाचत होते, सत्तरीच्या माणसानं नाचू नये तसे.

डप्पू घोड्यासारखा पळत होता. शेठ बैलासारखे चालत होते. आणि दोन्ही एकाच गाण्यात होते. काठीचा प्रत्येक टोला डप्पूच्या ठोक्यावर पडत होता, एक सोडून एक, पण पडत होता. पोरांना काय म्हणतायत ते कळत नव्हतं, पण त्या काठीवर ती नाचत होती.

दुगण, म्हणजे एका ठोक्याच्या जागी दोन, काय असते हे मला कोणी शिकवायला नको. संथ ठाय लयीवर दुप्पट वाजवत मी उभं आयुष्य काढलं. पण भांडण सुरू झालं की अक्कल खुंटीला टांगलेली असते, माझीही आणि शेठचीही. त्यांचा पाय हळू राहू शकतो आणि माझा हात पळू शकतो. कोणीच कोणाचं ऐकायची गरज नव्हती.

मी एका पोराला म्हटलं, "तम्मुडू, इला इव्वु." भाऊ, इकडं दे. त्यानं माझ्याकडं बघितलं, पांढरे केस बघितले, हसला आणि डप्पू माझ्या गळ्यात अडकवला.

भर रस्त्यात, भर गर्दीत. कोणी बोलावलं नव्हतं. मी मागून घेतला होता.

शेठनी पहिल्याच ठोक्याला मान वळवली. दिसत तर काही नव्हतं त्यांना त्या गॉगलमधून. ओरडले, "अहो मिस्त्री, कुठं होतात इतका वेळ?"

"पुढं जाऊन वाट मोकळी आहे का बघत होतो."

"आहे का?"

"मोकळी आहे. चला तुम्ही."

आणि आम्ही चौघं चढ चढून नारायणगुड्याला बरोबर पोचलो. डप्पूवाला पोरगा हॉटेलपर्यंत मागं आला, त्याला त्याचं वाद्य आणि एक चहा दिला. वेटरनं तेच कप पुन्हा एकदा गरम केले. इतका उकळलेला चहा मी जन्मात प्यालो नाही. शेठ म्हणाले, "गाणं हळू झालं, बघितलंत ना?" मी म्हटलं, "जोरात झालं, ऐकलंत ना?" वकीलसाबनी टेबलावर डोकं ठेवलं.

स्टुडिओत ते गाणं एका दमात झालं. शेठना बसून गाता येईना, म्हणून ते जागच्या जागी चालत गायले, काठीसकट. स्टुडिओवाल्यानं मध्येच हात वर केला. "साब, वो लकडी का आवाज आता. नीचे कंबल डालूँ?"

मी म्हटलं, "कंबल नक्को. काठी गेली तर मी पण गेलो. मी तिच्यावरच वाजवतोय."

शेठनी काठी जरा जोरात टेकवली.

रेकॉर्ड निघाली. फार लोकांनी घेतली असं नाही. पण ज्यांनी ऐकली ते अजून विचारतात, त्या गाण्यात सुरुवातीला टक टक करतं ते वाद्य कोणतं? मी सांगतो, ते वाद्य नाही, ते आमचे शेठ आहेत.

शेठ पुण्याला गेले. पंखा बरोबर नेला. फोन केला की तक्रार करतात, इथली वीज सारखी असते, त्यामुळं माणसाला विश्रांती नाही. मागच्या थंडीत त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर पलंगावर. चालवायला एक बाई यायची. ती म्हणे, आजोबा, एक-दोन, एक-दोन. शेठ म्हणाले, "मी एक-दोनवर चालत नाही." आणि पाय खाली टाकेनात. डॉक्टर रागावले, मुलगा रागावला.

वहिनींचा मला फोन आला. "मिस्त्री, तुम्ही सांगून बघा."

मी म्हटलं, "सांगून ऐकणाऱ्यांतले नाहीत ते. रेकॉर्ड लावा. आणि फोन चालू ठेवा."

इकडं मी गच्चीवर उभा. फोनमधून आधी पंख्याची घूं. मग गाण्यातली ती जुनी काठी, टक, टक. मग थोडं थांबून दुसरी टक, वॉकरची, खरी, फरशीवरची. शेठचा आवाज चिरकत, सावकाश, "वाट सरली नाही गड्या..." माझा हात कठड्यावर गेला. दुगण धरली. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबली.

"अहो मिस्त्री!" तिकडून शेठ ओरडले. "जोरात होतंय!"

"तुम्ही हळू चालताय!"

"मग बरोबर आहे!"

कडवं संपलं. वहिनींचा आवाज आला, हसत होत्या की काय कोण जाणे. "पोचले हो. दारापर्यंत पोचले."

मी कठड्यावरचा हात पुसला. म्हटलं, "सांगा त्यांना, मी पण पोचलो."